डिस्क ब्रेकचं तेल: काही घट्ट बसलेले गैरसमज

माउंटन बाइकचा हायड्रॉलिक ब्रेक पोचट लागला की ‘तेल कमी झालंय, वरून भर’ असं सर्रास सांगतात. गळती नसेल तर तेल संपत नाही. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि मागची जागा भरायला लिव्हरच्या टाकीतलं तेल खाली उतरतं, इतकंच. अशा वेळी टाकी काठोकाठ भरली तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे जायलाच तयार होत नाहीत. तेव्हा आधी पॅड बघा. वरचा थर ०.५ मिलिमीटरवर आला असेल तर ते बदला. पोचटपणा येतो तो बहुधा आत शिरलेल्या हवेमुळे. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘ब्रेक ऑइल कुठलंही चालतं’. शिमानो आणि मागुरा मिनरल ऑइलवर चालतात, होपच्या बहुतेक ब्रेकना डॉट ५.१ लागतं. स्रॅमचे बरेच ब्रेक डॉटचे, पण मेवन आणि डीबी८ मिनरल ऑइलचे. म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरवर काय छापलंय ते वाचा. दोन्ही तेलांसाठीचे रबरी सील वेगळे असतात. मोटारसायकलच्या दुकानातलं डॉट ४ शिमानोत गेलं की सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. डॉट ५ हे तर ५.१ चं भावंडही नव्हे. ते सिलिकॉनचं असतं.

‘मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, म्हणजे बदलायला नको’ हेही चूक. आत शिरलेलं पाणी तळाशी, म्हणजे सर्वाधिक तापणाऱ्या कॅलिपरमध्ये साचतं आणि १०० अंशांना उकळतं. डॉट पाणी शोषतं. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू नव्या तेलात २३०, पाणी शोषल्यावर १५५ अंश. सिंहगडाच्या लांब उतारावर हा फरक जिवाशी येऊ शकतो.

पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. चौकोनी काटछेदाचं सील ब्रेक दाबल्यावर पिळतं आणि सोडल्यावर पिस्टनला मागे घेतं. त्यावर धूळ बसली की पॅड घासत राहतात, आणि मग ब्लीड करून, म्हणजे आतली हवा काढून, उपयोग शून्य. पिस्टन पुसून, मिनरलच्या ब्रेकमध्ये थेंबभर तेच तेल लावून, आतबाहेर हलवावा लागतो. सीलच गेलं असेल तर होप, स्रॅमचे किट मिळतात. शिमानोचा अख्खा कॅलिपरच बदलावा लागतो.

ब्लीड करताना पॅड काढून ठेवा. तेल लागलेले पॅड टाकूनच द्यावे लागतात. शेवटी पॅड बसवून ब्रेक अर्धा मिनिट दाबून धरा. लिव्हर हँडलकडे सरकत गेला, तर त्या सायकलवर घाट उतरू नका.