दोन-दोन रुपयांचा सिनेमा

दुधाच्या पगारातून दोन रुपये जास्त कापले गेले, तर आपण सचिवाला जाब विचारल्याशिवाय संस्थेची पायरी उतरत नाही. उतरूही नये. पण पन्नास वर्षांपूर्वी गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी आपल्या दुधाच्या पैशांतून प्रत्येकी दोन रुपये राजीखुशीने दिले. आणि तेही कशासाठी, तर सिनेमासाठी! त्या सिनेमाचे नाव ‘मंथन’.

त्याचे असे झाले. श्याम बेनेगल यांनी दूध सहकारावर माहितीपट केले होते. पण माहितीपट पाहणार कोण? ज्यांना सहकार आधीच पटलेला असतो तेच. म्हणून पुरता कथापट काढावा असे त्यांनी आणंदच्या डॉ. वर्गीस कुरियन यांच्यापुढे मांडले. खर्च होता दहा लाखांच्या घरात. कुरियन यांनी हिशेब घातला तो अगदी गवळ्याच्या बोटांवरचा. सभासद पाच लाख. एका दिवशी प्रत्येकाने दुधाचे दोन रुपये कमी घ्यायचे. झाले दहा लाख. १९७६ साली सिनेमा पडद्यावर आला तेव्हा सुरुवातीलाच निर्माता म्हणून गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचा उल्लेख होता. कुणा शेठजीचे नाव नाही.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. ज्याच्या पैशाने तमाशा उभा राहतो त्याची तारीफ करायची, ही तर जुनी रीत. संघाचा पैसा आहे म्हटल्यावर सहकार आला नि गाव सुखी झाले, अशी गुळचट गोष्ट लिहिता आली असती. पण पटकथा लिहायला बसले होते आपले विजय तेंडुलकर. ते कुणाची भीड ठेवणारे नव्हेत. खाजगी डेअरीवाला मिश्रा दुधाला भाव देत नाही, हे त्यांनी दाखवलेच. पण सरपंचाला सोसायटी हवी असते ती फक्त आपल्या मुठीत, हेही दाखवले. निवडणुकीत दलित वस्तीने त्याला हरवले, तेव्हा झोपड्या पेटल्या. मदतीला आलेल्या पथकातलाच एक शहरी तरुण गावातल्या मुलीशी वावगे वागला. ज्या बिंदूच्या दुधाचा नमुना तपासून डॉ. राव योग्य भाव देतात, तिच्याच अंगठ्याचा ठसा घेऊन डॉक्टरांवर खोटा आळ आणला जातो. शेवटी डॉक्टरांची बदली होते, ते निघून जातात. संस्था चालवायला मागे उरतो वस्तीतला भोळा आणि थोडी माणसे.

वाचकहो, आपल्याच पैशाच्या सिनेमात आपल्याच गावची भांडणे, जातीची तेढ, हार हे सारे पाहून सभासद रागावले का? मुळीच नाही. बेनेगल पुढे सांगत, की शेतकरी ट्रक भरभरून बायकापोरांसह सिनेमाला आले. आपला सिनेमा पाहायला आले! दोन रुपये दिल्यामुळे आले, हे खरेच. पण नुसते पैसे गुंतले म्हणून माणूस सव्वादोन तास बसून राहत नाही. पडद्यावरचे गाव खरे वाटले, म्हणून बसले, असे आम्हांला वाटते.

ते गावही खरेच होते. राजकोटजवळच्या सांगणवा गावात चित्रीकरण झाले. भोळा झालेले नसीरुद्दीन शाह झोपडीत राहिले, म्हैस पिळायला आणि शेण्या थापायला शिकले. (म्हशीने पहिल्या दिवशी काय केले ते मात्र कुणी लिहिलेले नाही.) बिंदू झालेली स्मिता पाटील ही शिरपूरच्या पाटलांची लेक. ती गावच्या बायकांत अशी मिसळली होती, की बघायला आलेल्यांना नटी कोणती ते ओळखता येईना, असे सांगतात. आपल्या पुण्याचे मोहन आगाशेही त्यात होते.

पुढे या सिनेमाच्या छोट्या फिती खेडोपाडी दाखवल्या गेल्या. नव्या दूध संस्था उभ्या करायला जनावरांचा डॉक्टर, दुधाचा जाणकार आणि वैरणीचा जाणकार अशी पथके जात, त्यांच्याबरोबर ‘मंथन’ही जाई. म्हणजे सिनेमातले डॉ. राव जसे गावात आले, तशीच माणसे सिनेमा घेऊन खऱ्या गावांत गेली. सहकार चांगला आहे असे सांगणारे भाषण लोकांनी पुष्कळ ऐकले होते. सरपंच आडवा येईल, गावात फूट पडेल, हे आधीच कबूल करणारे कुणी पहिल्यांदाच भेटत होते.

मूळ फिती काळाच्या ओघात खराब झाल्या होत्या. त्या दुरुस्त करून मे २०२४ मध्ये ‘मंथन’ फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि जूनमध्ये आपल्याकडच्या थिएटरांतही पुन्हा लागला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बेनेगल गेले. स्मिता तर १९८६ मध्येच गेली होती.

कुठे पाहायला मिळाला तर घरच्या बायकांना बरोबर घेऊन पाहा. धारा काढतात त्या, आणि सोसायटीच्या पुस्तकावर नाव असते धन्याचे. बिंदूच्या दुधाचा नमुना काचेच्या नळीत जातो, त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे जरा लक्ष ठेवा.