राजकोषीय शिस्त आणि कायद्याची मर्यादा : केंद्र सरकारच्या कर्जउभारणीचा एक अभ्यास

प्रस्तावना :

राष्ट्रीय सरकारपुढील आर्थिक आव्हानांचा विचार करताना बेरोजगारी, महागाई, शेतीची दुरवस्था असे प्रश्न प्रथम डोळ्यांपुढे येतात. या सर्व प्रश्नांवरील उपाययोजनांच्या मुळाशी एक समान प्रश्न असतो, तो म्हणजे त्यांसाठी पैसा कोठून आणावयाचा. करांचे उत्पन्न अपुरे पडले की सरकार कर्ज काढते आणि त्या कर्जाचा भार पुढील काळातील करदात्यांवर पडतो. या भावी करदात्यास आजच्या निर्णयात मत नसते. म्हणूनच कर्जउभारणीवर कायद्याचे बंधन असावे, हा विचार लोकशाही शासनव्यवस्थेत महत्त्वाचा ठरतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९२ अन्वये असे बंधन घालण्याचा अधिकार संसदेस देण्यात आला आहे. तथापि या दिशेने व्यापक कायदा होण्यास २००३ साल उजाडावे लागले. या कायद्याच्या दोन दशकांच्या अनुभवावरून, तुटीच्या एका आकड्यावर मर्यादा घातल्याने राजकोषीय शिस्त साध्य होते काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तुटीचे स्वरूप :

सरकारचा एकूण खर्च आणि कर्जेतर एकूण प्राप्ती यांतील फरकास राजकोषीय तूट म्हणतात. सरकारला त्या वर्षी किती कर्ज काढावे लागले, हे तीवरून समजते. महसुली खर्च महसुली उत्पन्नापेक्षा जितका अधिक असेल, तितकी महसुली तूट होय. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा चालू खर्च भागविण्यासाठी किती कर्ज काढले, याचा बोध तीवरून होतो. शेतकऱ्याने विहिरीसाठी काढलेले कर्ज आणि घरखर्चासाठी काढलेले कर्ज यांत जो फरक असतो, तोच येथेही असतो. विहिरीचे पाणी कर्जफेडीस हातभार लावते. घरखर्चाच्या कर्जातून तसे उत्पन्न निर्माण होत नाही.

अर्थात ही विभागणी निर्दोष नाही. शाळा-महाविद्यालयांची इमारत भांडवली खर्चात मोडते, तर शिक्षकांचे वेतन महसुली खर्चात. वास्तविक शिक्षकांवाचून इमारतीचा उपयोग नाही. त्यामुळे महसुली खर्च सरसकट अनुत्पादक ठरविणे योग्य होणार नाही. परंतु चालू खर्च प्रामुख्याने चालू उत्पन्नातून भागवावा, हे तत्त्व या आक्षेपाने बाधित होत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी :

१९८० च्या दशकात केंद्राची तूट सातत्याने वाढत गेली. १९९०-९१ मध्ये राजकोषीय तूट स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या साडेसात टक्क्यांहून अधिक झाली आणि १९९१ मध्ये परकीय चलनाच्या संकटात देशाला सोने गहाण ठेवावे लागले. त्या काळी तदर्थ कोषागार हुंड्यांच्या माध्यमातून रिझर्व्ह बँकेकडून आपोआप पैसा उपलब्ध होत असे. ही पद्धत एप्रिल १९९७ पासून बंद करण्यात आली. पुढे डिसेंबर २००० मध्ये विधेयक मांडले गेले आणि २००३ मध्ये राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्प व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. तो ५ जुलै २००४ पासून अंमलात आला. सुधारित मुदतीनुसार मार्च २००९ अखेर महसुली तूट शून्यावर आणणे आणि राजकोषीय तूट तीन टक्क्यांपर्यंत घटविणे, अशी दोन उद्दिष्टे निश्चित झाली. यांपैकी पहिले उद्दिष्ट कायद्याचा गाभा होते.

अंमलबजावणीचा अनुभव :

आरंभीची वर्षे आशादायक होती. वेगवान आर्थिक वाढीमुळे करउत्पन्न वाढले आणि २००७-०८ मध्ये राजकोषीय तूट सुमारे अडीच टक्क्यांवर व महसुली तूट सुमारे १.१ टक्क्यांवर आली. पुढील वर्षी मात्र हे चित्र पालटले. शेतकरी कर्जमाफी, सहाव्या वेतन आयोगाची अंमलबजावणी, वाढती अनुदाने आणि जागतिक वित्तीय संकटावरील उपाय यांचा एकत्रित परिणाम होऊन २००८-०९ मधील राजकोषीय तूट सुमारे सहा टक्के झाली. २००९-१० मध्ये एकूण राजकोषीय तुटीपैकी सुमारे चार-पंचमांश तूट महसुली स्वरूपाची होती. मंदीत खर्च वाढविणे समर्थनीय होते. परंतु वाढविलेला चालू खर्च मंदी सरल्यावर कमी करणे किती कठीण असते, हेही यातून स्पष्ट झाले.

याहून गंभीर बाब म्हणजे तुटीच्या आकड्यात न दिसणारे कर्ज. तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी सरकारी रोखे देण्यात आले. रोख रक्कम खर्ची न पडल्याने ही मदत त्या वर्षीच्या तुटीत समाविष्ट झाली नाही. यांतील अखेरच्या रोख्यांची मुदत २०२५-२६ पर्यंत होती. म्हणजेच २००० च्या दशकातील इंधनाच्या अनुदानाचा भार जवळजवळ दोन दशकांनंतरच्या करदात्यांवर पडला. पुढे सरकार बदलले, तरी प्रवृत्ती कायम राहिली. २०१६-१७ पासून भारतीय अन्न महामंडळास अनुदानाची पूर्ण रक्कम देण्याऐवजी राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज दिले जाऊ लागले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६-१७ च्या अनुपालन अहवालात अशा अर्थसंकल्पबाह्य वित्तपुरवठ्याकडे लक्ष वेधले होते.

कायद्यातील बदल :

वेळोवेळी उद्दिष्ट पुढे ढकलण्यात आले, तसेच त्याचे स्वरूपही बदलण्यात आले. २०१२ मध्ये परिणामकारक महसुली तूट ही नवी संकल्पना आणली गेली. भांडवली मत्ता निर्माण करण्यासाठी राज्ये व इतर संस्थांना दिलेली अनुदाने तीत वगळली जातात. एन. के. सिंह समितीच्या २०१७ मधील अहवालानंतर, २०१८ च्या दुरुस्तीने कर्जाचे प्रमाण हे मुख्य उद्दिष्ट मानले गेले. केंद्राचे कर्ज मार्च २०२५ अखेर ४० टक्क्यांवर आणि राजकोषीय तूट मार्च २०२१ अखेर तीन टक्क्यांवर आणावयाची होती. याच दुरुस्तीने महसुली तुटीचे उद्दिष्ट वगळण्यात आले. समितीने सुचविलेली स्वतंत्र राजकोषीय परिषद मात्र स्थापन झाली नाही.

या कायद्यात राष्ट्रीय आपत्तीसारख्या प्रसंगी अर्ध्या टक्क्यापर्यंत विचलनाची मुभा आहे. करोना महासाथीच्या २०२०-२१ या वर्षी तूट ९.२ टक्क्यांपर्यंत गेली. अशा संकटात कायद्याच्या आकड्यासाठी गरिबांचे धान्य रोखणे कोणत्याही शासनास शोभणारे नव्हते. तथापि दोन्ही मुदती उलटल्या आणि दोन्ही उद्दिष्टे अपूर्ण राहिली, ही वस्तुस्थिती उरते.

सद्यःस्थिती :

२०२१ च्या अर्थसंकल्पात अन्न महामंडळास अल्पबचत निधीतून कर्ज देण्याची पद्धत बंद करण्यात आली, ही स्वागतार्ह घटना होय. त्यामुळे २०१९-२० मध्ये सुमारे १.०९ लाख कोटी रुपये असलेले अन्न अनुदान २०२०-२१ मध्ये सुमारे ५.४ लाख कोटी रुपये झाले. यात मोफत धान्याचा वाटा होताच, परंतु जुन्या थकबाकीचाही मोठा वाटा होता. भांडवली खर्चही २०१९-२० मधील सुमारे ३.४ लाख कोटी रुपयांवरून २०२४-२५ मध्ये दहा लाख कोटींच्या पुढे गेला आणि तूट ४.८ टक्क्यांपर्यंत घटली.

असे असले तरी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजातील आकडे विचार करावयास लावणारे आहेत. त्यात महसुली उत्पन्न सुमारे ३४.२ लाख कोटी रुपये, तर व्याजाचा खर्च सुमारे १२.८ लाख कोटी रुपये धरण्यात आला. उत्पन्नाच्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी सुमारे ३७ रुपये व्याजापोटी जातात. भांडवली खर्चासाठी ठेवलेली सुमारे ११.२ लाख कोटी रुपयांची तरतूदही यापेक्षा कमी आहे. व्याज हा टाळता न येणारा खर्च असल्याने काटकसरीची कुऱ्हाड शिक्षण, आरोग्य यांसारख्या क्षेत्रांवर पडण्याचा धोका संभवतो.

केंद्र-राज्य संबंधांच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. राज्यांच्या सार्वजनिक संस्थांनी घेतलेली अर्थसंकल्पबाह्य कर्जे केंद्राने राज्यांच्या कर्जमर्यादेत धरण्यास सुरुवात केली. त्याविरुद्ध केरळने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा एप्रिल २०२४ मध्ये घटनापीठाकडे सोपविण्यात आला. छुपे कर्ज मोजले जावे, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु जो निकष राज्यांना, तोच केंद्रासही लागू असला पाहिजे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, केवळ तुटीच्या आकड्यावर मर्यादा घातल्यास खर्चाऐवजी आकड्याचेच व्यवस्थापन होण्याची शक्यता असते. त्यामुळे सरकारच्या वतीने कोणत्याही संस्थेने घेतलेले कर्ज अर्थसंकल्पात एकत्रित दाखविणे, महसुली तुटीचे उद्दिष्ट पुन्हा कायद्यात समाविष्ट करणे, अंदाजांची छाननी करणारी स्वतंत्र राजकोषीय परिषद स्थापन करणे आणि प्रत्येक विचलनावर संसदेत सविस्तर चर्चा होणे आवश्यक आहे. संकटकाळी कर्ज काढणे हा दोष नाही. ते कशासाठी काढले, कोणाच्या नावे काढले आणि कोण फेडणार, हे नागरिकांना अर्थसंकल्प वाचून समजले पाहिजे. राजकोषीय शिस्तीचा खरा अर्थ यातच सामावलेला आहे.