तेरा कोटी वर्षांपूर्वीची आतषबाजी

मुलांनो, नाशिकहून पुण्याच्या एस.टी.त बसलात, की सिन्नर, संगमनेर, आळेफाटा अशी गावं एकेक करून मागं पडतात आणि नारायणगाव येतं. तिथून आत वळलं, की खोडद गावाजवळ शेतांच्या मधोमध भल्यामोठ्या जाळीदार बशा आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. एकेका बशीचा व्यास ४५ मीटर आणि अशा बशा एकूण ३० ! डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. एका अजब स्फोटाचा मागोवा घेण्यात या बशांचाही वाटा आहे. त्या स्फोटानं शास्त्रज्ञांच्या हाती विश्वाचा वेग मोजायची एक नवी पट्टी दिली. तिचीच ही गोष्ट.

विश्वाला वेग? हो तर! आपलं विश्व सतत प्रसरण पावतं आहे. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत आणि जी जास्त लांब, ती जास्त वेगानं पळते. कशी ते घरीच करून पाहा. इलॅस्टिकचा एक तुकडा घ्या. त्यावर दर सेंटिमीटरला शाईचा ठिपका द्या. एक टोक घट्ट धरून इलॅस्टिक दुप्पट ताणा. १ सेंटिमीटरवरचा ठिपका २ वर गेला, म्हणजे एकच सेंटिमीटर सरकला. पण ५ वरचा ठिपका १० वर गेला, म्हणजे तेवढ्याच वेळात पाच सेंटिमीटर पळाला!

आता प्रश्न असा, की हे इलॅस्टिक ताणलं जातंय किती वेगानं? या आकड्याला 'हबल स्थिरांक' म्हणतात आणि खरी भानगड इथंच आहे. विश्वाच्या बालपणीचा जो प्रकाश आजही आपल्यापर्यंत येतो, त्यावरून हिशेब केला तर उत्तर येतं ६७ च्या आसपास. म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षं अंतरामागे वेग सेकंदाला ६७ किलोमीटरनं वाढतो. पण जवळच्या दीर्घिकांमधले तारे आणि स्फोट पाहून मोजलं, तर उत्तर येतं ७३! गणिताच्या पेपरात दोन रीतींनी दोन उत्तरं आली, तर आपण काय म्हणतो? कुठंतरी चूक झाली. पण दोन्हीकडची माणसं हुशार, दोघांनीही पुन्हा पुन्हा तपासलेलं. चूक नसेलच, तर मग विश्वाबद्दलचं आपलं ज्ञानच कुठंतरी अपुरं आहे. म्हणून तिसऱ्या, अगदी वेगळ्या रीतीची गरज होती.

ती संधी आली १७ ऑगस्ट २०१७ रोजी. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. अमेरिकेतल्या 'लायगो' या यंत्रांनी गुरुत्वलहरी टिपल्या. गुरुत्वलहरी म्हणजे अवकाशालाच उठलेले तरंग. पाठोपाठ १.७ सेकंदांनी फर्मी या उपग्रहाला गॅमा किरणांची लखलख दिसली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती गरगर फिरत शेवटी धडकले होते!

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला गाभा. वजन सूर्याहून जास्त, पण व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जायचं अंतरही त्याहून जास्त भरेल. त्यातला चमचाभर माल शंभर कोटी टनांपेक्षा भारी!

इटलीतल्या 'व्हर्गो' यंत्राचीही मदत झाली आणि शोधायचा आकाशाचा तुकडा २८ चौरस अंशांवर आला. तरीही त्यात पौर्णिमेचे जवळजवळ दीडशे चंद्र मावले असते. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. सुमारे अकरा तासांनी चिलीमधल्या स्वोप दुर्बिणीनं वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेजवळ नवा ठिपका पकडला. तो प्रकाश तिथून निघाला सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे हा प्रकाश निघाला, तेव्हा पांडवलेण्यांच्या डोंगराचा पत्ताही नव्हता!

आता वेग मोजायचा, तर दोन गोष्टी हव्यात : दीर्घिका किती वेगानं दूर जाते आणि ती किती लांब आहे. वेग तिच्या प्रकाशावरून कळतो. तो निघाला सेकंदाला सुमारे ३,००० किलोमीटर. अवघड असतं ते अंतर.

बर्नार्ड शुट्झ या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच सुचवलं होतं, की गुरुत्वलहरींच्या जोरावरूनच अंतर काढता येईल. तसं केल्यावर उत्तर आलं ७०. पण ते ८ नं कमी किंवा १२ नं जास्तही असू शकत होतं. कारण ताऱ्यांची जोडी आपल्याकडे कशी कललेली आहे, यावरही लहरींचा जोर ठरतो. पुढचे काही महिने रेडिओ दुर्बिणींनी त्या जागेवर नजर ठेवली. त्यात आपली खोडदची दुर्बीणही होती. रेडिओ निरीक्षणांवरून तो कल बराच नेमका कळला आणि चूक ५ च्या आसपास आली.

आणखी एक रीत निघाली ती नुसत्या प्रकाशाची. त्या धडकेतून जो मालमसाला उडाला, त्यात स्ट्राँशियम हे मूलद्रव्य ओळखता आलं. दिवाळीच्या फटाक्यांत लालभडक रंग येतो ना, तो स्ट्राँशियमच्या क्षारांमुळेच! त्याच्या खुणेवरून स्फोटाच्या गोळ्याचा वेग कळला : प्रकाशाच्या वेगाच्या साधारण पाव पट. म्हणजे सेकंदाला ७५,००० किलोमीटर. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. एका दिवसात त्या गोळ्याची त्रिज्या झाली जवळजवळ ६५० कोटी किलोमीटर. सूर्यापासून प्लूटोही सरासरी ५९० कोटी किलोमीटरवर आहे!

गोळा केवढा ते कळलं. तो किती तापलेला ते रंगावरून कळतं, जसं लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं. आकार आणि तापमान कळलं, की मूळ उजेड किती ते कळलं. रस्त्यावरचा दिवा किती वॉटचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मिणमिणता दिसतो यावरून लांबी सांगता येते, तसंच हे. पण एक शंका : गोळा भाकरीसारखा चपटा असेल तर? मग सगळा हिशेब चुकेल. कोपनहेगनच्या अल्बर्ट स्नेपेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, तर तो लाडवासारखा छान गोल निघाला. २०२३ मध्ये त्यांनी या रीतीनं काढलेलं उत्तर होतं ६७. चूक ३.६ इकडे किंवा तिकडे.

म्हणजे ६७ वाले जिंकले? नाही, एवढी घाई नको. एका स्फोटावरून निकाल लावणं म्हणजे एका चेंडूवरून मॅच ठरवण्यासारखं. असे अनेक स्फोट सापडायला हवेत आणि त्यांची जागा झटपट कळायला हवी. त्यासाठी पृथ्वीवर लांब लांब ठिकाणी लायगोसारखी यंत्रं हवीत. त्यांतलं एक महाराष्ट्रात व्हायचं आहे! हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या 'लायगो-इंडिया'साठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा लहरी गोंगाटातून वेचून काढायचं गणित पुण्याच्या 'आयुका'त डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारासच करू लागले होते. तेव्हा लायगो कागदावरच होतं.

पुढच्या खेपेला पुण्याला जाताना नारायणगाव आलं, की खिडकीतून त्या बशांची दिशा धरा. खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास शाळकरी मुलांसाठी विज्ञान प्रदर्शन भरत आलं आहे. आई-बाबांना घेऊन जरूर जा. ६७ की ७३, हे कोडं अजून सुटलेलं नाही. कुणी सांगावं, ते सोडवणारा आज नाशिकच्या एखाद्या शाळेत तिसऱ्या बाकावर बसलेला असेल!