गोड्या पाण्याची पंधरा मिनिटं

शनिवारी सकाळी मांडव्याला सुसाट जाणारी ती पांढरी बोट बघून ‘यार, आपली पण अशी एक पाहिजे’ असं तुम्ही कधीतरी म्हणालाच असाल. हल्ली चार-पाच मित्र मिळून सेकंडहँड स्पीडबोट घेण्याचा प्लॅन नुसता चहाच्या टपरीवर विरत नाही, तो चक्क एक्सेल शीटपर्यंत पोचतो. ईएमआय, पार्किंग, पेट्रोल, बोट चालवणारा माणूस, सगळ्याचे कॉलम पडतात. एक कॉलम मात्र हमखास राहून जातो, इंजिनाच्या देखभालीचा. फार तर ‘सर्व्हिसिंग, वर्षातून एकदा’ अशी एक ओळ. आपल्या कारचा हिशोब आपण बोटीला लावतो आणि गोची तिथेच होते.

एक्स्प्रेस-वेवर ताशी ८०ने निघालेल्या गाडीचं इंजिन खरं तर आरामात असतं. ताकद भरपूर, त्यातली थोडीच वापरात, शिवाय उतार आला की विश्रांती. बोटीला उतार हा प्रकारच नाही. पाणी तिला सतत मागे ओढतं, म्हणजे तिचं इंजिन कायम घाटच चढत असतं, तोही चार-साडेचार हजार आरपीएमवर. थ्रॉटल पूर्ण उघडलं तर आजकालची २५०-३०० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड इंजिनं ६,०००च्या आसपास फिरतात. म्हणून बोटीच्या इंजिनाचं वय किलोमीटरमध्ये नाही, तासांमध्ये मोजतात. जेट्टीवर कुठल्याही मेकॅनिकला बोट दाखवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘साहेब, तास किती झाले?’ मॉडेल कुठलं, हे तो नंतर विचारतो.

या इंजिनांच्या दमाचा एक भन्नाट किस्सा आहे. अमेरिकेतल्या मर्क्युरी कंपनीचा संस्थापक कार्ल कीकेफर याने फ्लोरिडातलं एक आडबाजूचं तळं टेस्टिंगसाठी घेतलं आणि गुप्तता राहावी म्हणून त्याला नाव दिलं ‘लेक एक्स’. तिथे १९५७ साली त्याने बोटी तब्बल २५,००० मैल पळवल्या, म्हणजे जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणा. इंजिन बंद न करता! पेट्रोल भरायचं तेही चालत्या बोटीत, ड्रायव्हर बदलायचा तोही चालत्या बोटीत. जाहिरात म्हणून एकदम हिट. पण बॉस, ते तळं होतं. गोड्या पाण्याचं.

मीठ, चिखल आणि एक रबरी पंखा

आपल्याकडे आहे समुद्र. एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. आउटबोर्ड इंजिनाला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ते खालून समुद्राचंच पाणी ओढतं, स्वतःभोवती फिरवतं आणि बाहेर टाकतं. पाणी जास्त तापलं की मिठाचे थर आतल्या बारीक वाटांमध्ये बसायला लागतात. म्हणून कंपन्यांनी ही इंजिनं मुद्दाम थंड ठेवली आहेत. गाडीचं इंजिन ९० अंशांच्या आसपास काम करतं, आउटबोर्डचा थर्मोस्टॅट मात्र बहुतेक वेळा ५०-६० अंशांच्या सुमारासच उघडतो. तरीही मीठ बसतंच. बोट बंद करून तुम्ही अलिबागच्या घरी मासे खायला गेलात की आत अडकलेलं पाणी सुकतं आणि मागे खडे उरतात. मग वाटा अरुंद, पाणी कमी, इंजिन गरम, असं चक्र सुरू.

उपाय इतका साधा आहे की त्यावर कुणाचा विश्वासच बसत नाही. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याचा पाइप लावून १०-१५ मिनिटं इंजिन आतून धुणे. याला फ्लशिंग म्हणतात. ‘प्रत्येक फेरीनंतर’ याचा अर्थ ‘रविवारी वेळ मिळाला तर’ असा नाही. फ्लशिंगसाठी वेगळं तोंड दिलेलं असेल, तर बहुतेक मॉडेल्समध्ये इंजिन बंद ठेवूनच पाणी सोडायचं असतं. नक्की काय ते मॅन्युअल सांगतं. हायफाय पॉलिश आणि नवा म्युझिक सिस्टिम मागाहून बघता येईल. पार्किंगच्या जागी नळ आहे का, हा मुद्दा त्या एक्सेल शीटमध्ये सगळ्यात वर पाहिजे.

हे सगळं पाणी फिरवतो एक रबरी पंखा, त्याचं नाव इम्पेलर. तळहातात मावेल एवढा. इंजिनाच्या किमतीपुढे त्याची किंमत म्हणजे अगदीच चिल्लर. पण त्याच्या पाकळ्या झिजल्या किंवा तुटल्या, की लाखोंचं इंजिन काही मिनिटांत भाजून निघू शकतं. मुंबई बंदराचं पाणी तर काय विचारता! भरती-ओहोटीने ढवळलेला चिखल, वर तरंगत्या प्लास्टिकच्या पिशव्या. चिखल पाकळ्या घासतो, पिशवी पाणी आत जाण्याची जाळी बंद करते. म्हणून इम्पेलर खराब होण्याची वाट न बघता ठरल्या वेळी बदलून टाकायचा. आपल्या पाण्यात दरवर्षी बदलला तर त्यात जास्तीचं काही नाही. आणि हौस म्हणून जमिनीवर, पाण्याशिवाय इंजिन ‘जरा चालू करून दाखव’ हे कधीच नाही. त्या रबराला पाण्याचंच वंगण असतं, कोरडं फिरलं की काही सेकंदांत ते जळायला लागतं.

बोटीत बसल्यावर तुम्हालाही एक गोष्ट तपासता येईल. इंजिन सुरू झालं की मागच्या बाजूने पाण्याची बारीक पिचकारी उडते. ती जोरात असेल तर पंप पाणी ओढतोय. कमजोर झाली किंवा थांबली तर बोट चालवणाऱ्याला लगेच सांगा. लाजायचं काम नाही.

ऑइल वाढतंय? आनंद नको

आता एक उलटा फंडा. डिपस्टिकवर ऑइल कमी दिसलं की आपण घाबरतो. बोटीत ते वाढलेलं दिसलं तर घाबरायचं. पाण्याने थंड ठेवलेलं फोर-स्ट्रोक इंजिन तासन् तास मंद चालवलं (मासेमारीची हौस, सूर्यास्ताचे फोटो वगैरे), तर न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, वंगण कमी पडतं. पट्टी हुंगून बघा, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला. एरवी बहुतेक कंपन्यांचा नियम असा: नव्या इंजिनाचं ऑइल पहिल्या २० तासांच्या सुमारास, पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यापैकी जे आधी येईल ते. ‘वर्षात ३० तासच चालवली’ ही सबब चालत नाही, कारण उभ्या बोटीतही ओल आपलं काम करतच असते. आणि ऑइल मरीनचंच हवं, डब्यावर ‘एफसी-डब्ल्यू’ लिहिलेलं. गाडीचं उरलेलं नको.

खाली प्रोपेलरजवळच्या गिअरचं ऑइल वेगळं. ते काढल्यावर दुधाळ दिसलं तर सील गेला आणि पाणी आत शिरलं. सील का जातो? बऱ्याचदा तंगुसामुळे. गळाची तुटलेली ती नायलॉनची दोरी प्रोपेलरच्या दांड्याला गुंडाळते आणि सुरीसारखी सील कापत जाते. म्हणून प्रोपेलर मधूनमधून काढून बघायचा. बाहेर इंजिनाला लावलेले झिंकचे तुकडे अर्धे झिजले की बदलायचे. ते झिजण्यासाठीच असतात, गंजाला आधी स्वतःचा घास देतात. त्यांच्यावर रंग मारून ‘चकाचक’ करणारे महाभाग आहेत. रंग मारला की झिंकचं काम बंद आणि गंज थेट इंजिनाकडे.

प्रोपेलरवरून आठवलं. टॉप स्पीडच्या नादात लोक जास्त पिचचा प्रोपेलर बसवतात. मग इंजिन ठरलेल्या आरपीएमला पोचतच नाही, पाचव्या गिअरमध्ये चढ चढणाऱ्या गाडीसारखं कुंथत राहतं. एक इंच पिच बदलला की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. नेहमीच्या वजनासह थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन कंपनीने सांगितलेल्या पट्ट्यात जातं का, हे बघूनच प्रोपेलर निवडायचा. मार्च २०१७मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी१ पॉवरबोटींची रेस झाली, तेव्हा लाटेवरून हवेत उडणाऱ्या बोटी बघायला गर्दी झाली होती. आपल्याला दिसते ती उडी. पण हवेत प्रोपेलर मोकळा सुटतो आणि इंजिन एकदम पिसाटतं, पाण्यात परत पडलं की सगळा झटका गिअरवर. वर्ल्ड लेव्हलच्या क्लास वन ऑफशोअर बोटींमध्ये तर एक जण सुकाणू धरतो आणि दुसरा केवळ थ्रॉटल सांभाळतो. वीकएंडला त्या उड्यांची नक्कल करणाऱ्याकडे हा दुसरा माणूस नसतो, हे लक्षात असू द्या.

पेट्रोलची नवी डोकेदुखी

२०२५पासून देशभर पंपांवर सर्रास ई२० पेट्रोल मिळतं, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा लिहिलेली असते १० टक्क्यांची. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि बोटीच्या टाकीला समुद्राच्या हवेशिवाय दुसरी हवा ठाऊकच नाही. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच पेट्रोल ओढतं. तेव्हा पेट्रोल लागेल तेवढंच भरा, महिनोन् महिने साठवू नका, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा आणि तो वेळेवर बदला. जुने रबरी पाइप मऊ पडले असतील तर तेही बदला. बोट घेण्याआधी त्या मॉडेलला किती इथेनॉल चालतं हे कंपनीला लेखी विचारलं तर उत्तमच.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच सेवा बंद असते, तेव्हा बहुतेक हौशी बोटीही किनाऱ्यावर चढतात. इंटरनेटवरचे सल्ले इथे फारसे कामाचे नाहीत, कारण ते बर्फ पडणाऱ्या देशांसाठी लिहिलेले असतात. आपल्याला गोठण्याची नाही, दमटपणाची भीती. इंजिन शेवटचं नीट धुऊन उभं ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी निथळतं. ऑइल पावसाळ्याआधी बदलायचं, नंतर नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल तीन महिने बेअरिंग खात बसतं. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, बॅटरीची वायर काढलेली, आणि ताडपत्री अशी की खालून वारा खेळेल.

हे सगळं श्रीमंतांच्या खेळण्याचं कौतुक वाटत असेल, तर १८ डिसेंबर २०२४ आठवा. मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. इंजिनातल्या बिघाडामुळे ताबा सुटला, असं नौदलाने त्याच दिवशी सांगितलं. ती बोट वेगळी आणि तिचं काम वेगळं, पण पाणी तेच, जिथून आपण दर शनिवारी जातो. भर वेगात नियंत्रण गेलं की बोटीला ब्रेक नसतो. म्हणून थ्रॉटल आणि स्टीअरिंगच्या केबल्स दर सर्व्हिसला तपासून घ्या, अडखळत असतील तर ग्रीस मारून वेळ मारून नेऊ नका. किल-स्विचची ती लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली पाहिजे, स्टीअरिंगवर शोभेला लटकवलेली नाही. माणूस फेकला गेला किंवा त्याने झटका दिला की इंजिन बंद. महिन्यातून एकदा, कमी वेगात, ती ओढून इंजिन खरंच बंद पडतं का ते बघा.

आणि सेकंडहँड बोट बघायला जाणार असाल, तर मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्या झटक्यात कसं सुरू होतं ते तुमच्यासमोर दिसलं पाहिजे. पॉलिशकडे बघू नका. तासांचा मीटर बघा, सर्व्हिसची बिलं मागा, गिअर-ऑइलचे चार थेंब पांढऱ्या कागदावर टाका, मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. एक जरी बराच खाली असेल, तर मालकाचा चहा प्या आणि परत या.