ध्रुवप्रदेशांतील गाळ व औषधी जंतू

मृगाच्या पहिल्या सरीनंतर रानांतून जो सुवास दरवळतो तो आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो मुख्यतः मातींतील स्ट्रेप्टोमायसीस कुळाच्या सूक्ष्म जंतूंनीं तयार केलेल्या जिऑस्मिन नांवाच्या द्रव्याचा असतो. याच कुळांतून १९४३ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथें स्ट्रेप्टोमायसीन हें क्षयावरील औषध मिळालें, व १९६५ सालीं जपानांत कासुगामायसीन हें भाताच्या करप्यावरील द्रव्य हातीं आलें.

पुढें मात्र अडचण उभी राहिली. देशोदेशींची माती चाळली तरी तींच तीं द्रव्यें पुनःपुन्हां सांपडूं लागलीं. इकडे रोगजंतू जुन्या औषधांस जुमानीनासे झाले. म्हणून संशोधकांची दृष्टि ध्रुवप्रदेशांतील समुद्रतळाच्या गाळाकडे वळली आहे. स्वालबार्डमधील कोंग्सफ्योर्ड ही खाडी ७९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिमनद्या खडक भरडून त्याचें पीठ तींत आणून टाकतात. पाणी बर्फासारखें थंड, आणि हिवाळ्यांत कित्येक महिने सूर्यदर्शन नाहीं. अशा ठिकाणीं तग धरणाऱ्या जंतूंचीं साधनें आपल्या शेतांतील जंतूंहून निराळीं असण्याचा संभव आहे. खाडीकांठच्या नी-ओलेसुंड येथें २००८ पासून भारताचें ‘हिमाद्रि’ हें ठाणें असून त्याची व्यवस्था गोव्यांत वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहतें.

गाळांतील बहुतेक जंतू काचपात्रांत वाढत नाहींत. तेव्हां जंतू न वाढवितां गाळांतून त्यांचें डीएनए, म्हणजे आनुवंशिक गुणांचें द्रव्य, काढून घेतात. औषधी द्रव्य घडविणारीं जनुकें त्यावर बहुधा एका ठिकाणीं जवळजवळ असतात. त्यांचें काम झेंडूची माळ ओवणाऱ्या माणसांच्या रांगेसारखें चालतें: प्रत्येकानें एक फूल ओवावें व माळ पुढच्याच्या हातीं द्यावी. फुलांच्या जागीं येथें कर्बाचे लहान तुकडे असतात. रांगेंतील माणसें बदललीं कीं माळ बदलते. परंतु ‘ओवण्याच्या’ क्रियेचा जनुकभाग पुष्कळांत सारखा असल्यामुळें तोच खूण म्हणून धरतात, त्याच्या नकला गाळांतून वेंचतात, व त्यांतील अक्षरक्रम ज्ञात क्रमांशीं ताडून पाहतात. मेळ फारच कमी बसला तर नव्या द्रव्याची आशा धरावी. अंटार्क्टिकांतील आर्डले बेटाच्या गाळाची अशी तपासणी झालेली आहे.

तथापि कोठींत बीं आहे म्हणून खळ्यांत रास पडत नाहीं. स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर या जंतूचा संपूर्ण जनुकसंच २००२ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांत अशा प्रकारचे वीसांहून अधिक जनुकसमूह आढळले. पूर्वीं माहीत असलेलीं द्रव्यें त्या मानानें थोडींच होतीं. बाकीचे समूह प्रयोगशाळेंत मुकेच राहतात. त्यांना जागें करणें हेंच या कामांतील खरें कष्टाचें अंग होय, असें आम्हांस वाटतें.

आणखी एक गोष्ट. जो जंतू विष घडवितो तो त्यापासून स्वतःचा बचावही करतो, व त्या बचावाचें जनुक बहुधा शेजारींच असतें. कॅनडांतील यूकॉन प्रांतीं ३०,००० वर्षांच्या गोठलेल्या मातींत पेनिसिलीन व टेट्रासायक्लीन यांस दाद न देणारीं जनुकें सांपडल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. डाळिंबाच्या तेल्यावर आपल्याकडे स्ट्रेप्टोमायसीन वर्षानुवर्षें फवारलें गेलें आहे. असें बचावाचें जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतें, आणि फवारणी वारंवार झाली कीं तें बाळगणारे जंतूच काय ते बागेंत मागें उरतात.