घर आणि तंत्र : आतल्या कडीचं काय?

माणूस पडल्याचं ओळखणाऱ्या घड्याळावरचा या लेखमालेतला आधीचा लेख वाचून भाईंदर पूर्वेच्या एका वाचकांनी विचारलं आहे : घड्याळाने मुलाला कळवलं, मुलगा चर्चगेटहून लोकल पकडून आलाही, पण दार आतून बंद असेल तर? या प्रश्नाला अख्खा लेख द्यायलाच हवा.

मीरा रोडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीतलं दार पाहावं. बाहेर जाळीचा सेफ्टी डोअर, आत लाकडी दार. त्याला लॅच, वर एक कडी, खाली एक, शिवाय साखळी. एकट्या राहणाऱ्या आजी रात्री हे सगळं लावून झोपतात, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. शेजारणीकडे लॅचची चावी असते, पण कडीला चावी नसते. मग वॉचमन, सुतार, शेवटी अग्निशमन दल आणि फुटलेलं दार.

खरं नुकसान दाराचं नसून गेलेल्या वेळाचं असतं. केंब्रिजमध्ये नव्वदी पार केलेल्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष २००८मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. वर्षभरात साठ टक्के जण पडले. त्या पडलेल्यांपैकी तीस टक्के जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवरच होते. मदतीची बटणं अनेकांकडे होती, पण बराच वेळ पडून राहावं लागलेल्या बहुतेकांनी ती दाबलीच नव्हती. इतका वेळ एकाच कुशीवर राहिलं की अंगाच्या भाराने स्नायू दबतात, त्यांचे पेशीघटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना झेपत नाहीत. हाड मोडलेलं नसलं तरी माणूस रुग्णालयात जातो तो अशाने.

बटण दाबायची गरजच राहू नये, हा घड्याळाचा मोठा गुण. २०१८च्या अ‍ॅपल वॉचपासून ही सोय आली : जोरात पडल्यावर माणूस मिनिटभर हलला नाही, तर घड्याळ आपत्कालीन क्रमांकाला फोन लावतं आणि ठरवलेल्या नातलगांना संदेश पाठवतं. मात्र आंघोळीला जाताना बरेच जण ते काढून ठेवतात. ओली फरशी तिथेच, आणि घड्याळ पलंगाशेजारी.

बाथरूमचं दार तर आणखी अवघड. ते आत उघडत असेल आणि माणूस दाराला टेकून पडला असेल, तर बाहेरून ढकलणं म्हणजे त्यालाच ढकलणं. वृद्ध असलेल्या घरात सुतार बोलावून हे दार बाहेर उघडेल असं करून घ्यावं. पॅसेज अरुंद असेल तर सरकतं किंवा घडीचं दार बसवावं. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं कुलूप लावावं. सगळ्या लेखमालेतलं हे बहुधा सर्वात स्वस्त काम असेल, आणि घड्याळाच्या आधी करण्याचं.

मुख्य दारासाठी डिजिटल कुलूप चांगलं. परगावच्या मुलीला फोनवरून शेजाऱ्यांना तात्पुरता कोड देता येईल, असं मॉडेल पाहून घ्यावं. बॅटरी अगदी संपली तर बाहेरून तात्पुरती वीज देण्याची जागा बऱ्याच कुलपांना असते. ती आहे ना, हे दुकानातच विचारावं. आतून कडी सरकवली की मात्र हा सगळा खर्च वाया. म्हणून कडीची सवय सुटेल एवढा विश्वास त्या कुलपावर बसायला हवा. आजोबांना चार-पाच वेळा स्वतः दार लावून, बाहेरून ओढून पाहू द्यावं. नुसतं समजावून विश्वास बसत नाही.

मदतीच्या क्रमांकांचंही त्याच वाचकांनी विचारलं आहे. दार उघडत नाही आणि आतून हाक येत नाही, अशा वेळी ११२. ज्येष्ठांची १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ पेन्शन, कायदा, मानसिक आधार यांसाठी फार उपयोगी, पण ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते. मध्यरात्री तिच्यावर विसंबू नये. सोसायटीचा इंटरकॉम चालू असेल, तर त्याचा एक जोड बाथरूमबाहेर, जमिनीपासून हातभर उंचीवर घ्यावा. पडलेल्या माणसाचा हात तिथवरच पोहोचतो.