संसर्ग तरुणपणी, कर्करोग चाळिशीनंतर

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत रोजंदारीला जाणाऱ्या बायका अंगावरून पांढरे जाणे, पाळी नसताना रक्त दिसणे अशा तक्रारी महिनोन्‌महिने अंगावर काढतात. दवाखान्यात जावे तर रोज बुडतो, आणि सांगायची लाजही वाटते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ जवळजवळ नेहमीच ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) संसर्गात असते. हा संबंध शोधणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो, की त्यावरून कोणाच्या चारित्र्याबद्दल शंका घेणे निरर्थक आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींमध्ये मात्र तो ठाण मांडतो, पेशी हळूहळू बदलतात आणि कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात.

हा मधला काळच आपल्या हातात असतो. याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. एका गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार केले. आठ वर्षांत सुमारे ३४ हजारांच्या या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच आरोग्यसेवेवर राहिलेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४ झाले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

चाचणीत विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. पुढची तपासणी मात्र टाळू नये. एचपीव्ही चाचणीची सोय नसेल तिथे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून काही मिनिटांत प्राथमिक तपासणी करता येते. मुलींसाठी ९ ते १४ हे लसीकरणाचे उत्तम वय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ही लस बनवली आहे. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच.

संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव झाला, तर मात्र हंगाम संपण्याची वाट पाहू नये. एक रोज बुडाला तरी चालेल. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.